तेलाच्या पिशवीवर लिटरबरोबर ग्रॅम का छापतात?

प्रश्न
आमच्याकडे सोयाबीन तेलाच्या एक लिटरच्या पिशव्या येतात. काही वर्षांपूर्वी '१ लिटर' याच्यापुढे बारीक अक्षरांत तापमान छापलेले असे. आताच्या पिशवीवर तापमान नाही, मात्र लिटरच्या जोडीला ९१० ग्रॅम असे वजन आहे. लिटर म्हणजे लिटर, मग त्याला तापमानाची अट कशासाठी होती? मुलीला द्रवांचे प्रसरण समजावताना हा प्रश्न निघाला आणि मला उत्तर देता आले नाही.

प्रतिसाद १
तेल तापले की त्याच्या रेणूंमधील सरासरी अंतर वाढते, त्यामुळे तेवढेच तेल अधिक जागा व्यापते. वस्तुमान मात्र तसूभरही बदलत नाही. एक लिटर सोयाबीन तेल २१ अंश सेल्सिअसला ९१९.१ ग्रॅम भरते, तर ६० अंशांना ८९२.६ ग्रॅम. म्हणजे ६० अंशांचा लिटर मोजून दिला, तर गिऱ्हाइकाच्या पदरात साडेसव्वीस ग्रॅम, जवळजवळ तीन टक्के, तेल कमी पडते. छापलेला मजकूर खराच असे, पण घरातल्या फडताळात तेल ६० अंशांवर कधीच नसते. म्हणून केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली उत्पादकांना तापमानाचा उल्लेख काढून आकारमानासोबत वजनही छापण्यास सांगितले आणि त्यासाठी १५ जानेवारी २०२३ पर्यंत मुदत दिली. हे फार आधी व्हायला हवे होते, असे मला मनापासून वाटते.

प्रतिसाद २
आमचे किराणा दुकान आहे, म्हणून एक भर घालतो. डबा घेताना तो पंधरा किलोचा आहे की पंधरा लिटरचा, हे आधी वाचावे. पंधरा लिटरच्या डब्यात साधारण १३ किलो ६५० ग्रॅमच तेल असते, आणि दोन्ही डबे शेजारी ठेवले तरी फरक चटकन लक्षात येत नाही. भावाची तुलना नेहमी किलोवर करावी.

प्रतिसाद ३
मुलीला हे डोळ्यांनी दाखवता येईल. औषधाच्या दोन सारख्या काचेच्या बाटल्या घ्या, एकीत तेल आणि दुसरीत रंगीत पाणी काठोकाठ भरा, बुचातून बॉलपेनची रिकामी पारदर्शक रिफिल खोचून फट मेणाने बंद करा आणि दोन्ही बाटल्या कोमट पाण्यात ठेवा. सुरुवातीला पातळी क्षणभर खाली जाते, कारण काच आधी तापून प्रसरण पावते. त्यानंतर ती चढू लागते. नेहमीच्या तापमानाला पाणी अंशामागे सुमारे ०.०२ टक्के वाढते, तेल सुमारे ०.०७ टक्के, त्यामुळे तेलाची रिफिल बरीच पुढे जाईल. पाण्याची आणखी एक गंमत तिला जरूर सांगा: ० ते ४ अंशांच्या दरम्यान ते तापवले असता उलट आकुंचन पावते.

प्रश्नकर्ती
सर्वांचे आभार. प्रयोग आजच केला. पातळी आधी उतरली तेव्हा मुलीला आपले काहीतरी चुकले असे वाटले, पण काचेचे कारण सांगताच तिने बाटल्या गार करून तो पुन्हा पहिल्यापासून करायला घेतला आहे.