शब्दचर्चा: प्रतिपिंड जंतूंना ‘मारतात’ का?

रामबागकर: इंदूरच्या आमच्या मंडळाच्या अंकासाठी मुलांच्या घसादुखीवर लिहून राहिलोय. मुलाच्या हिंदी पुस्तकात ‘प्रतिरक्षी’ आहे. मराठीत प्रतिपिंड की प्रतिद्रव्य? आणि ‘प्रतिपिंड स्ट्रेप्टोकोकस जंतूंना मारतात’ हे वाक्य चालेल ना?

सुदामानगर_मावशी: दोन्ही चालतात. घरात सगळे अँटीबॉडीच म्हणतात, तेही लिहा. फक्त ‘प्रतिजैविक’ नको, ते पेनिसिलिनसारखं औषध. इथे भले भले गोंधळतात.

काचपट्टी: नाम कुठलंही घ्या, क्रियापद बदला. घशातल्या स्ट्रेप्टोकोकस पायोजेनिसच्या अंगावर एम प्रथिनाची लव असते. त्यावर बऱ्याचदा हायल्युरॉनिक आम्लाचं आवरण. हे आम्ल आपल्या शरीरातही असतं, त्यामुळे जंतू परका वाटत नाही आणि पांढऱ्या पेशींच्या तावडीतून निसटतो. प्रतिपिंडाची दोन टोकं एम प्रथिनाला चिकटतात, शेपूट बाहेर राहतं. न्यूट्रोफिल ही पांढरी पेशी त्या शेपटाला धरून अख्खा जंतू गिळते. मरतो तो तिच्या पोटात. काही जंतूंना रक्तातली पूरक प्रथिनं भोकं पाडून मारतात, पण स्ट्रेप्टोकोकसची भिंत जाड, तिथे ती मात्रा चालत नाही. इथे पूरक प्रथिनंही जंतूला चिकटून गिळायलाच मदत करतात.

रामबागकर: म्हणजे ऑप्सोनायझेशन. त्याला मराठीत काय म्हणायचं? ‘भक्षणसुलभीकरण’?

सुदामानगर_मावशी: अहो, वाचणाऱ्याचाच घसा बसेल! जंतूला चिकटून तो गिळायला मदत करणाऱ्या पदार्थासाठी १९०३ मध्ये आल्मरॉथ राइट आणि स्टुअर्ट डग्लस या संशोधकांनी ‘ऑप्सोनिन’ शब्द रूढ केला. त्यामागे ग्रीक ‘ऑप्सॉन’ आहे, भाकरीबरोबर खायचं ते. म्हणजे आपलं तोंडीलावणं.

काचपट्टी: वा! पण तोंडीलावणं ताटात वेगळं वाढतात, हे जंतूच्या अंगालाच चिकटतं. लेखात सरळ लिहा: ‘प्रतिपिंड चिकटले की पांढऱ्या पेशींना जंतू गिळता येतो.’

नवखा_इंदुरी: मध्येच विचारतो. मुलीच्या रक्ततपासणीत एएसओ (अँटिस्ट्रेप्टोलायसिन ओ) वाढलेला आला. म्हणजे जंतू गिळायला मदत करणारे प्रतिपिंड वाढले ना?

काचपट्टी: नाही, ते वेगळे. स्ट्रेप्टोलायसिन ओ हे जंतूचं विष, तांबड्या पेशी फोडणारं. एएसओ त्या विषाविरुद्धचे प्रतिपिंड मोजतो. तिथे क्रियापद ‘निष्प्रभ करतात’. अलीकडे संसर्ग होऊन गेला असावा, एवढंच त्यावरून कळतं. पुढचं डॉक्टर सांगतील. एम प्रथिनाविरुद्धचे प्रतिपिंड त्यात मोजलेच जात नाहीत. आणि एम प्रथिनाचे प्रकार २०० च्या वर. एका प्रकारावरचा प्रतिपिंड दुसऱ्यावर बहुधा चालत नाही, म्हणून त्याच मुलाचा घसा पुन्हा धरतो.

रामबागकर: मग ‘मारतात’ खोडलं. ‘धरून देतात’ लिहितो.

सुदामानगर_मावशी: हे चालेल. अंक निघाला की इथे टाका.