मदत हवी आहे: जुन्या माहेश्वरी साडीचं परकर-पोलकं होईल का?

मंडळी, इंदूरहून विचारतेय. आजेसासूबाईंची जांभळी माहेश्वरी नऊवारी माझ्याकडे आली आहे. उभा धागा रेशमाचा, आडवा सुती. नेमकं रेशीमच आडव्या घड्यांवर चिरत चाललंय, काठ मात्र अजून खणखणीत. नेसली तर फाटणार हे नक्की.

सासूबाई म्हणतात, गोधडी शिव. पण जरीची तार टोचते, शिवाय धुण्यात उरलंसुरलं रेशीमही जाईल. माझ्या मनात सहा वर्षांच्या लेकीसाठी परकर-पोलकं आहे. शीतलामाता बाजारातले शिंपीकाका आतून इस्त्रीने फ्यूजिंग, म्हणजे गोंद लावलेलं अस्तर, चिकटवू म्हणतात. मला नाही पटत. कापड पुठ्ठ्यासारखं होईल, सळसळच जाईल त्यातली! त्यापेक्षा मऊ मलमलचं अस्तर हाताने टाचलं तर चुण्यांचा ताण पेलेल का? मलमल आधी भिजवून आटवून घेणारच आहे. चिरलेल्या घड्या टाळून कापलं तर पुरेसा घेर निघेल ना?

असं जुनं रेशीम कुणी शिवलं असेल तर सुई-दोरा कोणता वापरलात तेही सांगा. पोलक्याचं नंतर बघू, आधी परकराचं ठरू दे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिला घालायचाय.