मदत हवी आहे: आईला मरीनावरच्या समाध्या दाखवायच्या आहेत
डिसेंबरात आईला घेऊन चेन्नईला जाते आहे. मरीना किनाऱ्यावर अण्णादुराई, एमजीआर (एम. जी. रामचंद्रन), करुणानिधी, जयललिता अशा तमिळनाडूच्या चार माजी मुख्यमंत्र्यांच्या समाध्या जवळजवळ आहेत. आईचा जयललितांवर फार जीव. २०१६ मध्ये त्या गेल्या तेव्हा ती दिवसभर टीव्हीसमोरून हलली नव्हती. एमजीआरच्या समाधीला कान लावला की त्यांच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येते, अशी तिथल्या लोकांची श्रद्धा आहे. आईला तेही करायचंय!

तिचे गुडघे दुखतात. कामराजर सालई या किनाऱ्यालगतच्या रस्त्यावर रिक्षा अगदी फाटकाशी थांबते का? आत व्हीलचेअर मिळते की आपली न्यावी? २४ डिसेंबरला एमजीआरची पुण्यतिथी असते, त्या दिवशीची गर्दी तिला झेपेल का? ज्येष्ठांना घेऊन कोणी गेलं असेल तर कृपया सांगा.