दुसरा आणि चौथा शनिवार: नोकरी करून रानात चालायला जाता, ते जमवता कसं?

तळेगावकरीण
मंडळी, प्रश्न एका ओळीचा आहे, त्यामागचं रडगाणं मात्र लांबलचक.

मी बँकेत आहे. शाखा शिवाजीनगरच्या बाजूला, राहायला तळेगाव दाभाडे. सकाळी लोकल, संध्याकाळी लोकल, मधल्या वेळात लॉकर, केवायसी आणि "मॅडम, सर्व्हर आला का?" वय ४४. घरात चाकणला शिफ्टमध्ये जाणारा नवरा, नववीतला मुलगा आणि सासूबाई. कुणाविषयी तक्रार नाही, सगळे आपापलं करतात. पण घरात तासभर मोकळा निघाला की तो माझा असू शकतो, हे कुणाच्या ध्यानात येत नाही. माझ्याही येत नाही, खरं सांगायचं तर.

मूळची मी भोर तालुक्यातली. शाळेला ओढा ओलांडून, मग बांधावरनं, मग गावठाणातून जायचो. त्याला 'चालणं' असं वेगळं नाव नव्हतं. परवा वडिलांना फोनवर म्हटलं, मला आठवड्या-पंधरवड्यातून एकदा रानात चालायला जायचंय. तर म्हणाले, "कुणाच्या रानात? काय काम काढलंस?" काम काही नाही, नुसतं चालायचंय म्हटल्यावर जरा वेळ गप्प. मग हळूच, "तब्येत बरी आहे ना गं?"

तब्येत बरी आहे. जेवणानंतर सोसायटीत चकराही मारते. एका चकरेला २१० पावलं, मोजलीत. ट्रान्सफॉर्मर, कचऱ्याचे डबे, ट्रान्सफॉर्मर, कचऱ्याचे डबे. पण मला मातीवर चालायचंय, जिथे पाऊल टाकायच्या आधी खाली बघावं लागतं. आणि तेही नेमाने. वर्षातून एकदा गडावर जाऊन फोटो, असं नको.

आतापर्यंत काय केलं ते सांगते. एका रविवारच्या ट्रेकिंग ग्रुपबरोबर तीनदा गेले. पहाटे पाचला बस, पंचेचाळीस माणसं, बसमध्ये अंताक्षरी, गडाच्या दरवाजात रांग, रात्री नऊला घरी आणि सोमवारी काउंटरवर माझं भूत. मग रोज पहाटे पाचला उठून बघितलं. अकरा दिवस टिकलं.

राहिला दुसरा आणि चौथा शनिवार. २०१५ पासून बँकांना हे दोन शनिवार सुट्टी आहे, म्हणजे कागदावर वर्षाला चोवीस फेऱ्या. जानेवारीपासून आज जून संपेपर्यंत बारा शनिवार झाले. डायरी काढून मोजलं, गेले फक्त तीनदा. बाकीचे शनिवार कुठे गेले? दळण, पालकसभा, एक साखरपुडा, एक बारसं, गॅसची शेगडी, उन्हाळ्याचे पापड, आणि मार्च अखेर तर विचारूच नका.

तेव्हा जे नेमाने जातात त्यांनी सांगा, कसं जमवता? "लवकर उठा" सोडून काहीही चालेल.

गडवेडा_एमएच१४
ताई, इच्छा असली की सगळं होतं. मी ४ ला उठतो, उजाडता उजाडता घोरावडेश्वर चढतो, ८ ला कंपनीत हजर. सहा वर्षांत एक खाडा नाही.

तळेगावकरीण
कौतुक आहे. डबा कोण करतं?

गडवेडा_एमएच१४
आई.
बरं, कळलं.

साताऱ्याचा_लीड्सकर
मी इथे इंग्लंडात एक युक्ती शिकलो, ती सांगतो. गाडी काढून कुठेतरी जायचं, गोल फिरून पुन्हा गाडीपाशी यायचं, यात अर्धा दिवस जातो. त्यापेक्षा रेल्वेने एका स्टेशनवर उतरायचं, पुढच्या स्टेशनपर्यंत चालायचं आणि तिथून परतीची गाडी धरायची. मी लीड्सहून बर्ली-इन-व्हार्फडेलला उतरतो आणि माळरानाच्या कडेकडेने इल्कलीला जातो. गाडीची वेळ डोक्यात असली की रेंगाळणं होत नाही आणि घरीही नक्की किती वाजता येईन ते सांगता येतं. "येतो दोन-तीन तासांत" म्हणून निघालेल्या माणसाला कुणी सोडत नाही. "१२.१० च्या गाडीने येतो" म्हटलं की सोडतात.

अर्थात इथे सोय आहे. लोकांच्या शेतांतून जाणाऱ्या पायवाटांवर सगळ्यांचा कायदेशीर हक्क असतो. कुंपण आलं तर ओलांडायला लाकडी पायरी, खांबावर पिवळा बाण, नकाशात हिरव्या तुटक रेघा. शेतकरी मधून जाऊ देतो, कारण त्याला द्यावंच लागतं. (डिसेंबरात मात्र पावणेचारला सूर्य मावळतो, तेव्हा फार हेवा करू नका.) आपल्याकडे अशा हक्काच्या वाटाच नाहीत, ही खरी अडचण.

माजी_तलाठी_मावळ
लीड्सकर, हक्काच्या वाटा नाहीत असं कुणी सांगितलं? ३१ वर्षं तलाठी होतो, निम्मी नोकरी वाटांची भांडणं ऐकण्यात गेली.

कुठल्याही गावचा नकाशा उघडा. दुहेरी तुटक रेघ दिसेल तो गाडीमार्ग, एकेरी तुटक रेघ दिसेल तो पायमार्ग. पायमार्गाची रुंदीसुद्धा ठरलेली, सव्वाआठ फूट. शिवाय पाणंद, शिवेवरचे रस्ते वेगळे. कुणी जुनी वाट अडवली तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याने तहसीलदार ती मोकळी करून देतो. शेतात जायला वाटच नसेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून मागता येते. रेघ नकाशावर आहे, जागेवर मात्र ऊस, गोठा, नाहीतर प्लॉटिंगवाल्याची भिंत. सव्वाआठ फुटाची वाट नांगराच्या तासागणिक खाल्ली जाते. दर साली वीतभर. मोजायला गेलो की दोन्हीकडचे म्हणतात, "भाऊसाहेब, आमच्या आज्यापासून एवढीच आहे."

पण बाई, एक समजून घ्या. या वाटा शेतकऱ्याला त्याच्या रानात जायला आहेत, हवा खायला आलेल्यासाठी त्या आखलेल्या नाहीत. म्हणून हक्क बोलायचा नाही, राम राम बोलायचा. माणूस दिसला की आपण आधी हाक मारायची आणि कुठून आलो, कुठे चाललो ते सांगायचं. पुण्याची माणसं कानात वायरी घालून खाली बघत जातात, मग वस्तीवरच्यांना वाटतं जमीन बघायला एजंट आला.

तुमच्या बाजूला कान्हे ते वडगाव चालून बघा. दोन्हीकडे स्टेशन, मधे भातखाचरं. पण रुळाच्या कडेने अजिबात जायचं नाही, तो गुन्हा आहे आणि जीवही जातो. जुलैत लावणी चालू असताना बांधावर पाय देऊ नका, बांध मऊ असतो, फुटला तर खाचरातलं पाणी जातं आणि शिव्या रास्त पडतात. तेव्हा डोंगर धरा. ऑक्टोबरात या खाचरांत. इंद्रायणी तांदूळ आमच्या वडगावच्याच संशोधन केंद्रातून आलेला. पीक तयार व्हायला लागलं की वास वाटेवर येतो, विचारावं लागत नाही कुठलं वाण आहे.

नाइट_ड्युटीवाली
मी सरकारी रुग्णालयात परिचारिका आहे. माझा एकच नियम: आधी घरी जायचं नाही. चपला काढल्या की कुकर लागतो. रात्रपाळी सुटली की सकाळी तशीच चालायला जाते, दीड तासाने घरी. घरच्यांना वाटतं ड्युटीच साडेनऊपर्यंत आहे. मी दुरुस्त केलेलं नाही.

तुमचा घोळ हा आहे की सुट्टीच्या दिवशी तुम्ही 'घरी' असता. मग दळण दिसतं, शेगडी दिसते. दुसऱ्या शनिवारी रोजच्याच वेळेला उठा, रोजचाच डबा भरा, रोजचीच लोकल धरा. खोटं बोलू नका, सांगून जा, पण वेळ रोजचीच ठेवा. तुमचा पास आहेच की शिवाजीनगरपर्यंतचा. बेगडेवाडीला उतरलात तर जादा तिकीटसुद्धा लागणार नाही. परत यायची गाडी आधी बघून ठेवा, दुपारी त्या लाइनीला गाड्या विरळ असतात.

आणखी एक, जे कुणी लिहीत नाही. रानात बाईमाणसाची अडचण होते ती लघवीची. स्टेशनवर, देवळापाशी, शाळेजवळ कुठे सोय आहे ते पहिल्या फेरीत हेरा आणि वाट त्यावरून ठरवा. पाणी कमी पिऊन चालायचा मूर्खपणा मी दोन वर्षं केला. वस्तीवरचं कुत्रं अंगावर आलं तर पळू नका, खाली वाकून दगड उचलल्यासारखं करा. ऊन उतरायच्या वेळी एकटीने डोंगरावर असू नका.

आणि ते २१० पावलं मोजणं सोडा. दहा हजार पावलांचा आकडा हा १९६५ सालच्या एका जपानी पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आलाय, कुठल्या डॉक्टरच्या चिठ्ठीतून नाही. जागतिक आरोग्य संघटना पावलं सांगत नाही, प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल सांगते. त्यात तुमच्या सोसायटीच्या चकराही धरल्या जातात.

तळेगावकरीण
(चार महिन्यांनी) धागा वर काढतेय, कारण हिशेब द्यायचाय.

जुलै ते ऑक्टोबर आठ शनिवार, गेले सहा. सप्टेंबरचा चौथा सहामाही क्लोजिंगने खाल्ला, एक मुलाच्या तापात गेला.

पहिल्या शनिवारी सिस्टरांनी सांगितलं तसंच केलं. आठ-सव्वाआठची नेहमीची लोकल, हातात नेहमीचा डबा. डब्यातल्या रोजच्या बायका म्हणाल्या, "आज सुट्टी ना तुमची?" म्हटलं, हो, म्हणूनच चाललेय. बेगडेवाडीला मी एकटीच उतरले. वीस वर्षं त्या स्टेशनवरून जातेय, फलाटावर पाय पहिल्यांदा लागला.

घोरावडेश्वराच्या पायऱ्यांवर अर्ध्यात आले आणि डावा पाय विचित्र वाजायला लागला. फटक, फटक. खाली बघते तर बुटाचा तळवा पुढून सुटून मगरीच्या जबड्यासारखा उघडा. माळ्यावरचे आठ वर्षांपूर्वीचे ट्रेकिंगचे बूट, जेमतेम चारदा घातलेले. हाताने दाबून बघितलं तर तळव्याचा चक्क भुगा झाला, शिळ्या केकसारखा. पाच मिनिटांत उजव्यानेही मान टाकली. डब्याच्या पिशवीचा बंद काढून एक बांधला, दुसऱ्याला वरच्या देवळात एका काकांनी सुतळी दिली. लेण्यांपर्यंत गेले मात्र. कोरलेल्या खडकातून पाणी ठिबकत होतं, समोर सगळा महामार्ग पावसात भिजत पडलेला. डबा तिथेच खाल्ला, साडेदहाला. भेंडीची भाजी, रोजचीच.

गडवेडा_एमएच१४
ताई, तो पॉलियुरेथेनचा सोल. दमट हवेत नुसता पडून पडून आतून कुजतो. वापरला असता तर एवढ्या लवकर गेला नसता. माझे दोन जोड गेलेत तसेच. पावसात बारीक खुट्यांचे रबरी बूट घ्या, शेतकरी घालतात ते. स्वस्त आणि निसरडं होत नाही.

तळेगावकरीण
घेतले तेच. शेतकी दुकानातून. मुलगा म्हणतो, बँकेत घालून जा.

बाकी दोनदा पुन्हा डोंगर, एकदा वाट चुकून प्लॉटिंगच्या भिंतीला धडकून परत (तलाठीसाहेब, तुमची तुटक रेघ भिंतीच्या पलीकडे असावी), आणि ऑक्टोबरात दोन्ही वेळा कान्हे ते वडगाव. तिकीट काढावं लागलं, पासाच्या उलट दिशेला आहे.

वास खरंच वाटेवर येतो. आधी वाटलं कुणाच्या घरी भात शिजतोय, मग लक्षात आलं आसपास घरच नाही. बांधावर गवत कापणाऱ्या एका आजींना सांगितल्याप्रमाणे आधी राम राम घातला. त्यांनी विचारलं, "कुणाच्या घरच्या?" मी भोरची म्हटल्यावर माझ्या पायांकडे बघून म्हणाल्या, "तरीच बांधाच्या मधून चालतीया." शहरातली माणसं कडेवर पाय देतात आणि बांध ढासळतो, असं त्यांचं म्हणणं. मला माहीतच नव्हतं मी मधून चालतेय.

तिथूनच वडिलांना फोन लावला. म्हटलं, खाचरात उभी आहे. पहिला प्रश्न, "पाणी तोडलं का त्यांनी?" तोडलंय. "लोंबी खाली वाकली?" थोडी. "दाणा दाताखाली धरून बघ." विचारल्याशिवाय कसा तोडू, म्हटलं, तर आजींनीच एक लोंबी मोडून हातात दिली. दाबला, अजून जरासा मऊ. तसं सांगितलं. "मग आठ दिवस आहेत अजून," ते म्हणाले.

आता शुक्रवारी रात्री त्यांचाच फोन येतो, उद्या कुठल्या बाजूला चाललीस? परवा म्हणाले, कापणी झाली की पेंढ्या कशा रचतात ते बघून ये, मावळात वेगळ्या रचतात म्हणतात. म्हणजे मला काम लागलं.

तलाठीसाहेब, एक विचारायचं होतं. वडगावच्या अलीकडे ती पायवाट ओढ्यापाशी येऊन संपते आणि पलीकडे पुन्हा सुरू होते. मधे नुसते दगड आहेत. तिथे पूर्वी साकव होता का?