चिखलणीनंतर उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरची बॅटरी: जगवावी की बदलावी?

प्रश्न (जांबोटी भाग, ता. खानापूर)

नमस्कार मंडळी. आमच्याकडे चिखलणी आटोपली की भातकापणीपर्यंत ट्रॅक्टरला फारसे काम नसते, त्यामुळे यंदाही तो आषाढापासून शेडमध्येच उभा होता. खंडेनवमीला पूजेसाठी बाहेर काढावा म्हणून सेल्फ मारला, तर नुसता ‘कट्’ असा आवाज आला आणि डॅशबोर्डवरचे दिवे मंदावले. बॅटरी १२ व्होल्ट, ८८ अँपिअर-अवरची, पाणी भरण्याची झाकणे असलेली असून तिला दोन वर्षे होऊन गेली आहेत. मल्टिमीटरवर ११.३ व्होल्ट दिसतात, दोन कप्प्यांत प्लेटा उघड्या पडल्या आहेत आणि पॉझिटिव्ह टर्मिनलवर निळसर-पांढरा थर चढला आहे. गावातला मेकॅनिक म्हणतो की जुने ॲसिड ओतून नवे भरून देतो. शेजाऱ्यांचे म्हणणे असे की दुसऱ्या ट्रॅक्टरवरून सुरू करून तासभर चालू ठेवला की बॅटरी आपोआप भरेल. कापणी तोंडावर आली असताना यातले काय करावे?

उत्तर १ (ऑटो इलेक्ट्रिकचे काम करणारा, उद्यमबाग, बेळगाव)

दोन्ही करू नका, आणि नवी बॅटरीही आजच आणू नका. आधी ॲसिडचा विषय संपवतो, कारण त्यात नुकसान सर्वांत जास्त होते. बॅटरीतून उडून जाते ते फक्त पाणी, ॲसिड आतच राहते. बॅटरी उतरते तेव्हा ॲसिडमधला सल्फेट प्लेटांवर जाऊन बसतो आणि आतले द्रावण पातळ होते. अशा वेळी वरून नवे ॲसिड ओतले आणि नंतर चार्जिंग केले, तर प्लेटांवरचा सल्फेटही द्रावणात परत येतो, ते गरजेपेक्षा तीव्र होते आणि प्लेटाच खाऊ लागते. आठवडाभर बॅटरी जोरात चालते, म्हणून लोकांना हा उपाय लागू पडल्यासारखा वाटतो.

आता कामाचे. बॅटरी काढताना निगेटिव्ह केबल आधी सोडावी, म्हणजे पाना चुकून बॉडीला लागला तरी ठिणगी पडणार नाही. बसवताना पॉझिटिव्ह आधी जोडावी. टर्मिनलवरचा थर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवावा, मात्र झाकणे घट्ट बंद असू द्यावीत, कारण सोडा आत गेला तर ॲसिड मारतो. डिस्टिल्ड वॉटर सध्या प्लेटा जेमतेम बुडतील एवढेच घालावे. चार्जिंगमध्ये पातळी वर येते, म्हणून आधीच काठोकाठ भरले तर ॲसिड उतू जाते. खुणेपर्यंतचे पाणी चार्जिंग संपल्यावर घालावे.

चांगल्या स्थितीतल्या बॅटरीला तिच्या क्षमतेच्या एक दशांश, म्हणजे तुमच्या बॅटरीला साधारण ९ अँपिअर करंट चालतो. परंतु उतरलेल्या अवस्थेत बराच काळ पडून राहिलेल्या बॅटरीत सल्फेटचे खडे कडक झालेले असतात, आणि ते विरघळायचे तर घाई चालत नाही. ४ ते ५ अँपिअरवर पूर्ण दिवसभर, लागल्यास त्याहून अधिक वेळ लावा. मध्ये लाईट गेली तर काही बिघडत नाही, आल्यावर पुढे चालू करा. बॅटरी हाताला चांगलीच गरम लागली तर थांबवा. आतून हायड्रोजन निघतो, त्यामुळे खोली उघडी ठेवा, जवळ विडी-काडी नको, आणि चिमटे काढण्यापूर्वी चार्जर बंद करा.

चार्जर काढल्यावर लगेच व्होल्टेज मोजू नका, ते फसवे असते. रात्रभर बॅटरी तशीच ठेवून सकाळी मोजा. १२.६ च्या आसपास असेल तर भरली, १२.२ म्हणजे निम्मी. १०.५ च्या जवळ अडकली असेल, तर सहापैकी एक सेल, म्हणजे एक कप्पा, गेला असे धरा, कारण एका सेलचे सुमारे २.१ व्होल्ट असतात. त्यानंतर हायड्रोमीटरने, म्हणजे ॲसिडची घनता मोजणाऱ्या नळीने, सहाही कप्पे तपासून आकडे इथे लिहा.

उत्तर २ (शेतकरी, उचगाव)

उद्यमबागच्या भावांनी सांगितले ते योग्य आहे. माझ्याकडून एवढेच सांगतो की बॅटरी सिमेंटच्या फरशीवर ठेवू नये, ती लवकर उतरते. लाकडी फळीवर ठेवावी. आणि आपल्या भागात पावसाचे शुद्ध पाणी फुकट मिळत असताना डिस्टिल्डला पैसे कशाला?

उत्तर ३ (निपाणी)

काका, फरशीची गोष्ट जुन्या काळच्या पेट्यांची असावी. आताच्या प्लास्टिकच्या पेटीतून फरशीत काही झिरपत नाही. फळी ठेवायला हरकत नाही, पण तिच्यामुळे बॅटरी टिकते असे मानू नये. छपरावरून आलेल्या पावसाच्या पाण्यात धूळ आणि पत्र्याचा गंज येतो, आणि लोखंडाचा अंश बॅटरीला घातक असतो. आरओचे पाणीसुद्धा चालत नाही, कारण त्यात थोडे क्षार उरतातच.

मुळात ती उतरली का, हेही पाहायला हवे. सगळे बंद असताना निगेटिव्ह केबल काढून तिथे मल्टिमीटर अँपिअरवर ठेवून मालिकेत, म्हणजे केबल आणि टर्मिनल यांच्या मध्ये, जोडा. मात्र मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल. नव्या मोटारींत ५० मिलिअँपिअरपर्यंतचा करंट गृहीत धरतात, पण हिशेब केला तर तोही दिवसाला १.२ अँपिअर-अवर, महिन्याला ३६ होतो. म्हणजे लहान मोटारीची ३५ अँपिअर-अवरची बॅटरी महिनाभर उभ्या गाडीत रिकामी होते. साध्या ट्रॅक्टरला एवढा करंट लागण्याचे कारण नाही. तसे दिसले, तर बाहेरून बसवलेला टेप किंवा ट्रॉलीच्या दिव्याची वायर आधी तपासा. पुढच्या पावसाळ्यात चिखलणी संपताच निगेटिव्ह केबल काढून ठेवा आणि महिन्याकाठी एकदा चार्जर लावा.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. सांगितल्याप्रमाणे संथ चार्जिंग केले. रात्रभर ठेवल्यावर १०.९ व्होल्ट दिसले. हायड्रोमीटरवर पाच कप्प्यांत १.२४० ते १.२५० आणि निगेटिव्हकडच्या शेवटच्या कप्प्यात १.१२० असे आकडे आले. त्या कप्प्यातले पाणी गढूळ, तपकिरी आहे.

उत्तर १ (उद्यमबाग)

तो सेल गेला. कप्प्यांमधला फरक ०.०५० च्या पुढे गेला की बॅटरीत दम नाही असे आम्ही धरतो, तुमच्याकडे तर तो दुपटीहून अधिक आहे. तपकिरी गढूळपणा म्हणजे पॉझिटिव्ह प्लेटांचा माल गळून खाली साचला आहे. त्याला चार्जरही उपाय नाही आणि बाजारात मिळणारी पावडरही नाही. बाकीचे पाच कप्पे चांगले असले तरी एकटा सेल बदलून घेण्याच्या खर्चात पडू नका.

वॉरंटी कार्ड असेल तर मुदत पाहून घ्या. नसेल तर जुनी बॅटरी दुकानदाराला परत द्या, तिच्यातल्या शिशाची किंमत नव्या बॅटरीतून वजा होते. आणि नवी बसवल्यावर लगेच इंजिन थोडे चढवून टर्मिनलवर व्होल्टेज मोजा. १३.८ ते १४.४ असेल तर अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी भरणारा) ठीक आहे. १४.८ च्या वर जात असेल, तर दोन कप्प्यांतले पाणी का आटले त्याचे कारण तेच असू शकते; तसे असल्यास त्याचे व्होल्टेज आटोक्यात ठेवणारा रेग्युलेटर दुरुस्त केल्याशिवाय ट्रॅक्टर कापणीला नेऊ नका.