चौदा पाहुणे, एक दिवस: रामटेक, इतवारी आणि तलाव जमतं का? गाईड आणि गाडीबद्दलही सांगा

खामलाकर

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात लग्नासाठी गुहागरहून नागपूरला चौदा जण येणार आहेत. शनिवार पूर्ण मोकळा आहे. तिघे सत्तरीपुढचे, त्यातल्या दोघांचे गुडघे दुखतात, आणि एक सात वर्षांची मुलगी आहे. देवदर्शन, बाजार आणि संध्याकाळी पाण्याकाठी बसणं, तिन्ही हवं. समुद्र त्यांच्या अंगणातच आहे, तेव्हा फुटाळा तलावाला "चौपाटी" म्हणताना मला जरा जीभ चावावी लागेल.

कच्चा बेत असा: सकाळी आठला निघायचं, टेकडी गणपती, दीक्षाभूमी, मग रामटेकचा गड, खिंडसी तलावावर बोटिंग, येताना कामठीचं ड्रॅगन पॅलेस (बौद्ध मंदिर), कोराडीची देवी, इतवारी बाजार, सीताबर्डीचा किल्ला आणि फुटाळ्यावर सूर्यास्त. सोबत माहिती सांगणारा गाईड. गाडीवाला "८ तास ८० किलोमीटर" म्हणतोय. ते पुरेल का? ट्रॅव्हलर (मिनीबस) इतवारीत शिरते का? गडावर किती चढावं लागतं?

पिवळी पाटी

आधी गाडीचं बघा. ८ तास ८० किलोमीटर हे शहरातल्या शहरात फिरायचं पॅकेज आहे, रामटेक त्यात बसतच नाही. खामला ते गड जाऊन-येऊन साधारण ११०, खिंडसीचा फाटा १५, शहरातलं फिरणं २५, म्हणजे दीडशे झाले. शिवाय किलोमीटर बहुतेक जण तुमच्या दारापासून मोजत नाहीत, गाडी जिथे उभी असते तिथून परत तिथपर्यंत मोजतात. आणखी दहा धरा. जादा किलोमीटरला समजा २० रुपये आणि जादा तासाला २०० लावले, तर वरचे ८० किलोमीटर आणि चार तास मिळून २,४०० रुपये संध्याकाळी अचानक समोर येतात. भांडण इथेच होतं. त्यापेक्षा "१२ तास १६० किलोमीटर" असा एकच आकडा आधी ठरवा. बाहेरगावचा दर घेऊ नका, त्यात दिवसाला अडीचशे-तीनशे किलोमीटर किमान धरतात, ते तुम्हाला परवडणार नाही.

टोल, पार्किंग आणि ड्रायव्हरचा भत्ता आत की बाहेर, हे व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. पाहुणे चौदा, घरचे एक-दोन आणि गाईड म्हणजे सतरा सीटर लागेल. "सतरा" म्हणजे ड्रायव्हर धरून की सोडून, तेही विचारा. नंबराची पाटी पिवळीच हवी, म्हणजे भाड्याच्या परवान्याची. पांढऱ्या पाटीची गाडी स्वस्त मिळते, पण वाटेत अडवली तर दिवस गेला आणि अपघात झाला तर विम्याचा घोळ.

दुसरं म्हणजे डिसेंबर. हिवाळी अधिवेशन त्याच सुमारास असतं. चांगल्या गाड्या महिनाभर आधीच उचलल्या जातात, म्हणून बुकिंग आत्ताच करा. कामकाजाच्या दिवशी मोर्चांमुळे झिरो माईल, टेकडी रोड, बर्डी (सीताबर्डी) हा पट्टा कधी बंद होईल सांगता येत नाही. शनिवारी हा त्रास कमी असतो, पण अधिवेशन लांबलं तर शनिवारीही बसू शकतं. आदल्या रात्री वाहतूक पोलिसांची सूचना बघून घ्या.

आणि नऊ थांबे! चौदा माणसांना उतरवून, चपला काढून-घालून, डोकी मोजून परत बसवायला दर थांब्याला पंधरा मिनिटं जातात. नऊ थांब्यांचे सव्वादोन तास नुसते चपलांत गेले ना भाऊ.

गडपायथा

किल्ला आताच खोडा. तो लष्कराच्या ताब्यात आहे, सर्वसामान्यांना २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टलाच उघडतो. १८१७ च्या इंग्रज-भोसले लढाईची गोष्ट टेकडी गणपतीहून निघताना गाडीतच सांगता येईल, टेकडी तीच आहे. कोराडीही खोडा. ती सावनेर रोडवर आणि रामटेक जबलपूर रोडवर, दोन्ही एका वाटेवर येत नाहीत.

गडाचं सांगतो. कामठी, कन्हान, मनसर असा रस्ता आहे, मनसरहून उजवीकडे रामटेक. अंबाळा तलावाकडून पायऱ्यांची जुनी वाट चढते. गुडघे दुखणाऱ्यांना ती नको. गाडीरस्ता बराच वरपर्यंत जातो, तिथे उतरवा. तरी शेवटच्या पायऱ्या कोणालाच चुकत नाहीत. त्या उंच-सखल आणि झिजून गुळगुळीत झालेल्या आहेत, तेव्हा चढण्यापेक्षा उतरताना सांभाळा. ज्येष्ठांना एका हाताला भिंत आणि दुसऱ्या हाताला माणूस द्या. डिसेंबरात सकाळी दगड गार असतो, उन्हाळ्यात दुपारी तोच पाय भाजतो. दोन्ही ऋतूंत जाड पायमोजे कामाचे, पण गुळगुळीत पायरीवर तेच घसरतात. फरसबंदीवर घाला आणि पायऱ्यांवर काढा.

वानरं. नारळ-प्रसादाची प्लास्टिकची थैली हातात दिसली की ती गेलीच. प्रसाद पाठीवरच्या चेनच्या बॅगेत ठेवा, मुलीच्या हातात बिस्किटाचा पुडा देऊ नका, चष्मे सांभाळा. ओढाओढ झाली तर थैली सोडून द्या. लोक घट्ट धरतात आणि स्वतःचे हात ओरबाडून घेतात.

गाईड घ्यायचा तो इथल्यासाठी. शहरात तुम्ही स्वतः पुरेसे आहात, गडावर मात्र न सांगता डोळ्यांसमोरून निम्मं निघून जातं. वराह दरवाज्यापाशी एकाच दगडातला भलामोठा वराह आहे. त्याच्या पोटाखालून निघता आलं नाही तर पाप शिल्लक, असा समज आहे (जाड माणसांवर अन्याय). केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह ही देवळं वाकाटककाळातली, म्हणजे पाचव्या शतकाच्या आसपासची. केवल नरसिंहातला शिलालेख प्रभावतीगुप्तेशी जोडलेला आहे. दुसऱ्या चंद्रगुप्ताची ही मुलगी, वाकाटकांची राणी. नवऱ्यामागे मुलांच्या नावाने तिने राज्य चालवलं, आणि तिची राजधानी नंदिवर्धन म्हणजे इथून जवळचंच नगरधन. वर रामाच्या आधी लक्ष्मणाचं देऊळ लागतं, दर्शनही त्याच क्रमाने. त्यात यादवकाळातला शिलालेख आहे. सध्याचं रूप बरंचसं भोसल्यांच्या काळातलं. गाईडला फोनवर एकच प्रश्न विचारा: "केवल नरसिंह दाखवता का?" "ते काय" म्हणाला तर तो फक्त राममंदिरापर्यंत नेऊन आणणारा आहे. पर्यटन खात्याचं ओळखपत्र मागा, दर अर्ध्या दिवसाचा ठरवा. ड्रायव्हर "मीच सगळं सांगतो" म्हणेल, पण त्याला गाडीपाशी थांबावं लागतं.

गडाला दोन तास धरा. दुपारी नैवेद्याला गाभारा किती वेळ बंद असतो ते आदल्या दिवशी फोन करून विचारा, आणि साडेनऊपर्यंत वर पोचा.

किराणा ओळ

शनिवार बरोबर निवडला. नावात इतवार असला तरी इतवारीची ठोक दुकानं रविवारी बहुतेक बंद असतात, नवा माणूस इथेच फसते.

ट्रॅव्हलर आत नेऊ नका हो. हातगाड्या, मालाचे टेम्पो, दुतर्फा लावलेल्या दुचाक्या, त्यात गाडी अडकली की ना पुढे ना मागे. अग्रसेन चौकात उतरा, ड्रायव्हरला तिथून लगेच हलायला सांगा. पायी फिरायला सव्वा तास पुरते. सगळं बघायच्या भानगडीत पडू नका, एक-दोन ओळी धरा. बायकांना कापड आणि सराफा, स्वयंपाकघरासाठी मसाले. भिवापुरी मिरची मागा, पण वास घेऊन घ्या. खडा सावजी मसाला थोडाच घ्या, कोकणातल्या माशाच्या कालवणात तो चालत नाही. पाहुण्यांना एक सांगून ठेवा: आपल्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. सांबारवडी मागवली की ते डाळीची वाट पाहत बसतील.

वेळ असला तर चितार ओळीत डोकावा. मूर्तिकारांची वस्ती आहे, पण गणपतीच्या आधी जी गर्दी असते ती डिसेंबरात नाही. काळी-पिवळी मारबत (मिरवणुकीतले पुतळे) पाहायची तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी यावं लागते, आणि त्या दिवशी खरेदी विसरा.

संत्री: डिसेंबरात आंबिया बहाराचं पीक असते, मृग बहाराचं फेब्रुवारीपासून. सालीचा रंग पाहू नका, हिरवट छटा असलेलं संत्रंही गोड निघते. हातात घेऊन वजन पाहा. साल फुगलेली आणि फळ हलकं असलं म्हणजे आतून फोडी कोरड्या. रेल्वेने न्यायची तर खोक्याला भोकं पाडून खाली तणस (पेंढा) घाला. बंद प्लास्टिकमध्ये घाम सुटून दोन दिवसांत बुरशी येते. संत्रा बर्फी दिवसाच्या शेवटी घ्या, बंद गाडीत दुपारभर ठेवली तर चिकट होते.

सेमिनरी हिल्स

वरच्यांनी थांबे कापले ते ठीक, पण सूर्यास्ताचं गणित कोणी मांडलंच नाही. डिसेंबरच्या मध्यात नागपूरला सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो, गुहागरपेक्षा जवळजवळ अर्धा तास आधी. पाहुणे "सहाला पोचू" म्हणतील आणि काळोखात पोचतील. रामटेक, खिंडसी, इतवारी करून साडेपाचला फुटाळा होणार नाही. खिंडसी किंवा फुटाळ्याचा सूर्यास्त, यातलं एक सोडा.

माझं मत खिंडसी ठेवा. गडाहून पाऊण तासाच्या आत तिथे पोचता, भोवती टेकड्या आहेत, पाणी मोठं आहे, आणि समुद्रकाठच्या माणसाला चारी बाजूंनी जमीन असलेलं पाणी हीच नवलाई. बोटीत बसण्याआधी लाइफ जॅकेट सगळ्यांना मिळतंय का आणि लहान मापाचं आहे का ते बघा. मुलीला मोठ्यांचं जॅकेट घातलं तर पाण्यात ते वर सरकतं. वारा सुटला तर बोटी थांबवतात, त्यामुळे आधी बोट आणि मग जेवण.

फुटाळा अंधार पडल्यावर, दिव्यांसाठी. कारंज्याच्या भरवशावर कोणाला नेऊ नका, त्या आठवड्यात चालू आहे का ते विचारूनच सांगा.

कामठीचं ड्रॅगन पॅलेस वाटेवरच आहे, पण तिथे शांतता हवी, चौदा थकलेली माणसं दुपारी तीनला तिथे ताटकळतात. त्याऐवजी सकाळी दीक्षाभूमीला पाऊण तास द्या. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली ती जागा. स्तूप आतून पोकळ आहे, बाहेरून पाहिलं की कोणाला खरं वाटत नाही. आवारातला बोधिवृक्ष श्रीलंकेतल्या अनुराधापूरच्या वृक्षाचा. खामल्याहून हेच सगळ्यात जवळ, मग टेकडी.

गुडघ्यांचा फारच प्रश्न असेल तर रामटेकच सोडा. आदासा-धापेवाडा-कोराडी असा वळसा शंभरेक किलोमीटरचा होतो. आदाशाचा एकाच दगडातला मोठा गणपती, धापेवाड्याला चंद्रभागेकाठचा विठोबा (विदर्भाचं पंढरपूर), आणि येताना कोराडीची देवी. पायऱ्या तुलनेने कमी आणि परत यायला दुपार.

गडपायथा

आदाशाला माझा विरोध नाही, पण नागपूरला येऊन गड न बघता जाणं मला पटत नाही. ज्येष्ठांना वराहापर्यंत आणा, पुढे जमलं तर जमलं, नाहीतर सावलीत बसवा आणि एक माणूस सोबत ठेवा.

खामलाकर

सर्वांचे आभार. म्हणजे: साडेसहाला दीक्षाभूमी, सव्वासातला टेकडी, आठला तर्री पोहे, साडेनऊ गड, साडेअकराला खाली, बाराला खिंडसी आणि जेवण, दोनला परत, साडेतीन इतवारी, पाचला फुटाळ्याकडे. शेवटचा टप्पा जमेल का? आणि सकाळी तर्री चालेल का सगळ्यांना?

पिवळी पाटी

दीक्षाभूमीची उघडायची वेळ आधी विचारा, नाहीतर टेकडी आधी घ्या. टेकडीला मंगळवार आणि चतुर्थीची जी रांग असते ती शनिवारी नसते. इतवारी साडेतीन म्हणजे चार धरा. तिथून फुटाळ्याला गाडीने जाल तर बर्डीच्या शनिवार-संध्याकाळच्या गर्दीत फसाल. त्यापेक्षा पाहुण्यांना अग्रसेन चौकातून मेट्रोत बसवा. लोकमान्य नगरची गाडी, बदलायची नाही, उतरायचं सुभाष नगर. तिथून अंबाझरी तलाव जवळ आहे. तुमची ट्रॅव्हलर रिकामी पुढे पाठवा, ती अंबाझरीला भेटेल आणि तिथून अंधारात फुटाळा. गुहागरच्या मुलीला मेट्रोच जास्त आवडेल.

किराणा ओळ

तर्री पोह्यांत घालून देऊ नका म्हणा, वाटीत वेगळी मागा. चण्याचा रस्सा आहे, पण त्यावर तेलाचा तवंग असते आणि पुढे दीड तास गाडी आहे. ज्येष्ठांना साधे पोहे आणि चहा. सावजी जेवायचंच असेल तर रात्री घरी परतल्यावर, दुपारी नाही. खिंडसीहून पाठ फिरवल्यावर कामठीपर्यंत सोयीचं स्वच्छतागृह मिळेलच असं नाही, जेवण झालं की सगळ्यांना तिथेच जाऊन यायला सांगा.