खोडील घोडी माराने सुधारते का?

हिंगणा_रोड

ओळखीतल्या एका घोडेवाल्याने लग्नसराईसाठी पांढरी घोडी आणली. देखणी आहे, पण कानाला हात लावू देत नाही, मोहरकी (तोंडावरचा दोर) चढवायला गेलं की मान वर, आणि बँडचा पहिला ठोका पडला की मागच्या मागे सरकते. लोकांनी त्याला दोन सल्ले दिले. काटेरी लगाम घाल, किंवा खुंट्याला आखूड बांधून डीजेसमोर उभी ठेव, भीती आपोआप मरते.

मला दोन्ही सल्ले चुकीचे वाटतात. भूतदया घटकाभर बाजूला ठेवा, निव्वळ धंद्याच्या हिशोबानेही चुकीचे वाटतात. घोडा पळून जीव वाचवणारं जनावर आहे. त्याला जवळपास ३५० अंशांतलं दिसतं, फक्त कपाळाच्या अगदी पुढचं आणि शेपटीमागचं दिसत नाही. आपल्याला २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, त्याला ३३ हजारांपर्यंत. अशा जनावराची पळायची वाट बंद करून त्याला आवाजासमोर बांधलं तर कधीतरी ते गप उभं राहणारच. पण त्याची भीती गेलेली नसते, त्याने फक्त धडपड सोडलेली असते. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. फरक कळतो तो भर गर्दीत, नवरदेव पाठीवर असताना.

कानाचंच घ्या. हात आधी मानेवर, जिथे तिला चालतो तिथे ठेवायचा. मग बोटभर पुढे. नाकपुडी ताणली, डोळ्याचा पांढरा भाग दिसायला लागला, म्हणजे आपण जास्त पुढे गेलो. त्याच्या अलीकडेच थांबायचं. तिने मान जराशी सैल सोडली, ओठ चाटले, की त्याच क्षणी हात काढून घ्यायचा. हात काढणं हेच तिचं बक्षीस. ती मान उडवत असताना हात काढला तर ती मान उडवायला शिकते, आणि बहुतेक खोडील घोड्या अशाच तयार होतात.

बँडचंही तसंच. ढोल तिच्या अंगावर आणायचा नाही. ढोलवाल्याला पुढे चालायला सांगायचं आणि घोडी त्याच्या मागे लांबून न्यायची. भीती वाटते ती वस्तू आपल्यापासून दूर जाते आहे हे दिसलं की घोडा उलट तिच्या मागे जायला बघतो.

वेगळं मत असेल तर जरूर मांडा.

इतवारीचा_घोडेवाला

भाऊ, ते घोडी आमचीच. सारं बरोबर आहे, पण हे रिकाम्या माणसाचं काम आहे. आमच्या घरी आजोबापासून घोडे आहेत. घोडी वरातीत गेली नाही तरी चंदी खातेच न! हरभरा, कडबा, नालबंद, पोऱ्याची मजुरी, कोणी थांबते का? तिथ्या मोजक्या असते. त्यात घोडी उभी नाही राहिली त कर्ज कोण फेडन? तुमी?

अन् गर्दीतले पोट्टे काय करून राहिले ते पाहिलं का कधी? शेपटी ओढते, मोबाईलची बत्ती डोळ्यात मारते, पायाखाली लडी लावते. तिथं तुमचा बोटभर हात काय कामाचा? तिथं धाकच पाहिजे. धाक म्हणजे झोडपणं नोहे. वेळेवर एक फटका पडला त जनावराले समजते का मालक कोण आहे. काटेरी लगाम मी घालत नाही, पण फटका मारतो. लपवाचं काय त्यात?

पशुवैद्य_सेमिनरी_हिल्स

प्रेमाने की धाकाने, हा वाद नंतर. आधी घोडीचं तोंड उघडून बघा.

घोड्याचे दात जन्मभर वर येत राहतात आणि चघळण्याने झिजतात. झीज सारखी झाली नाही तर दाढांच्या कडा धारदार होतात, गालाला आणि जिभेला कापतात. त्यावर लगाम आवळला की मान वर जाणारच. ती खोड नाही, दुखणं आहे. कानात गोचिडी आहेत का, आधीच्या मालकाने कान पिळून धरायची सवय ठेवली होती का, तंगाखाली (खोगीर आवळायच्या पट्ट्याखाली) जुनी जखम आहे का, हे तपासा.

आणखी एक गोष्ट वरातीच्या घोड्यांत हटकून दिसते. घोड्याच्या जठरात आम्ल सतत पाझरत असतं, खाणं असो वा नसो. दुपारपासून सजवून, लगाम घालून, उपाशी उभी केलेली घोडी रात्रीपर्यंत तशीच राहते. अशाने जठराला व्रण होतात, आणि मग तंग आवळताना ती चावायला धावते. निघण्याआधी नुसती चंदी देऊ नका, पोटभर गवत किंवा कडबा द्या.

काटेरी लगामाबद्दल मतभेदाला जागाच नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली १९६५ साली ओझ्याच्या जनावरांसाठी नियम झाले, त्यात अणकुचीदार लगामाला साफ बंदी आहे. त्याच नियमांत ३७ अंशांवर तापमान असेल तिथे दुपारी १२ ते ३ जनावराला ओझ्याला लावायचं नाही असंही आहे. नवरदेव हे ओझं धरायचं की नाही, यावर वकिलांना भांडू द्या. मे महिन्यातल्या नागपुरात दुपारी साडेबाराच्या वरातीला घोडी नेऊ नये, एवढं मी वकील नसतानाही सांगतो.

कामठीचा_जुना_स्वार

मी दोघांशीही भांडणार आहे.

हिंगणा रोडवाल्यांनी ओठ चाटण्याला भलतंच महत्त्व दिलंय. ताणातून सुटतानाही घोडा ओठ चाटतो, म्हणजे आधी ताण दिला गेला होता. गोल रिंगणात घोड्याला पळवत ठेवायचं आणि तो दमून आपल्याकडे वळला की 'विश्वास बसला' म्हणायचं, ही अमेरिकेच्या माँटी रॉबर्ट्सने गाजवलेली पद्धत. तिच्यावरचा आक्षेप हाच आहे की पळवणं हाही दाबच. काठी हातात नसली म्हणून पद्धत प्रेमळ होत नाही.

दुसरं, प्रेमाच्या नावाखाली लोक खिशातून गूळ काढून भरवतात. मग घोडी खिसा हुंगते, मग बाही ओढते, शेवटी चावते. तिने आपल्या अंगावर यायचं नाही, ही रेघ पहिल्या दिवसापासून पाहिजे.

आता इतवारीवाले भाऊ. फटका 'वेळेवर' मारतो म्हणता. वेळ चुकते कुणाची? घोडी बुजली, तुम्ही दचकलात, चाबूक शोधला, मारला. तोवर तिचे पाय जमिनीवर टेकलेले असतात आणि ती उभी असते. म्हणजे फटका पडला तो उभं राहण्याबद्दल. घोडा माणसाच्या किती बारीक हालचाली टिपतो ते ऐका. बर्लिनमध्ये 'हुशार हान्स' नावाचा घोडा टापा आपटून गणितं सोडवतो अशी ख्याती होती. १९०७ साली ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञाने छडा लावला. घोड्याला गणित येत नव्हतं. उत्तराचा आकडा आला की प्रश्न विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित हलायचं, आणि तो टापा थांबवायचा. खुद्द मालकालाही हे ठाऊक नव्हतं. असलं जनावर तुमचा दचका चाबकाच्या आधीच वाचतं.

हिंगणा_रोड

स्वारसाहेब, ओठ एकटे बघायचे नाहीत, हे मान्यच. मान, श्वास, शेपटी सगळंच बघावं लागतं. जबड्याखाली नाडी लागते. निवांत घोड्याची मिनिटाला २८ ते ४४. उभी आहे, मान खाली आहे, पण नाडी धावतेय, तर ती आतून पळतेच आहे. बांधून ठेवलेल्या घोडीची नाडी कुणी बघतं का?

रेघेबद्दलही वाद नाही. अंगावर आली तर मी दोरी हलवून मागे सरकवतो, सरकली की दोरी सैल. रेघ आखायला मार कशाला?

महालातली_रेणुका

तुम्ही सगळे मिळून घोडीला डीजेची सवय लावताय. डीजे बंद करायचं कुणाच्याच डोक्यात नाही. नवरदेवाने गाडीतून यावं, काही बिघडत नाही.

इतवारीचा_घोडेवाला

ताई, घोडी बंद केली त ती जाईल कुठं? कसायाकडं की उकिरड्यावर, थेबी सांगा.

इतिहासवेडा_सक्करदरा

जुन्या लष्कराचा मुद्दा मांडतो. मराठी फौजेत बारगीर आणि शिलेदार असे दोन प्रकार होते. बारगिराचा घोडा सरकारी पागेतला, शिलेदाराचा स्वतःचा. घोडा मेला किंवा लंगडला तर शिलेदाराचं भांडवलच बुडालं. नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्या थेट बंगालपर्यंत गेल्या, त्या घोड्यांच्या पायांवर. धाकाने मोडलेला घोडा तेवढी मजल मारत नसतो. आणि घोड्याजवळ रागात जाऊ नये, हे झेनोफन या ग्रीकाने ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातच लिहून ठेवलंय. त्यामुळे हे 'आजकालचं फॅड' आहे असं कुणी म्हणू नये.

इतवारीचा_घोडेवाला

फौजेले पगार होता, साहेब. मले वरातीमागं भाडं भेटते.

पण दाताचं बोलले ते डॉक्टर, ते मले पटलं. आमची जुनी घोडी एकाच बाजूनं चघळते, दाणे सांडवते. आमी तिले नखरेल म्हणत होतो.

पशुवैद्य_सेमिनरी_हिल्स

दाणे सांडणं हे दाढेच्या दुखण्याचं नेहमीचं लक्षण. शेणात अख्खा हरभरा दिसतो का तेही बघा. व्हेटर्नरी कॉलेजच्या दवाखान्यात आणा. दाढा घासायला फार वेळ लागत नाही.

कामठीचा_जुना_स्वार

जुनी घोडी बँडला सरावलेली आहे ना? मग नव्या घोडीचा मास्तर घरातच आहे. वरातीत जुनीवर नवरदेव, नवी मागे मोकळ्या पाठीने, शहाण्या माणसाच्या हातात. सोबतची घोडी निवांत दिसली की दुसरीही लवकर निवांत होते. डीजेची गाडी मात्र दोघींपासून लांब हवी.

इतवारीचा_घोडेवाला

दुसऱ्या घोडीचं भाडं लग्नवाले देत नाही. अन् तिले धराले शहाणा माणूस आणू कुठून? येत्या रविवारी सक्करदऱ्यातून वरात आहे.

हिंगणा_रोड

मी येतो, मजुरी नको. पण एक आधी कबूल करा. घोडी बुजून थांबली तर ओढाताण नाही, मी तिला निवांत वळवून परत नेणार.

इतवारीचा_घोडेवाला

या न. वळवाची का नाही ते तिथं पाहू.